मिस अर्लीनचे सहा रविवार

सप्टेंबर आला की माझं डोकं फिरतं. बाकी सगळ्यांचा इथे अमेरिकेत हा लाडका महिना. उन्हाळ्याची चिकचिक संपलेली असते, थंडी अजून दाराशी आलेली नसते, मेपलच्या शेंड्यांना कुठेकुठे तांबूस रंग धरू लागतो. मराठी मंडळाच्या ई-मेलांचा रतीब सुरू होतो. आमचा गणपती पंचांग बघून येत नाही, शाळेचं सभागृह कधी रिकामं आहे ते बघून येतो. मग मोदकांच्या याद्या फिरतात, कोण किती डझन आणणार. आणि रविवारी दुपारी चारच्या सुमाराला शेजारच्या घरातून फुटबॉलचा आरडाओरडा सुरू झाला की मी उठून खिडकी लावून घेते.

"एवढा काय गं तुला फुटबॉलचा राग?" सतीश, माझा नवरा, दरवर्षी विचारतो.

फुटबॉलने माझं काही वाकडं केलेलं नाही. राग मला माझाच येतो. पाच वर्षांपूर्वी, दोन हजार तीनच्या सप्टेंबरात, एका बाईने तिचे सहा रविवार माझ्या हवाली केले होते आणि मी ते घालवले. माझ्याकडून हरवले असते, विसरले असते, तर निदान काही सांगायला तोंड राहिलं असतं. मी ते चांगले उघड्या डोळ्यांनी घालवले.

तेव्हा आम्ही आयसेलिनला छोट्याशा अपार्टमेंटमध्ये राहत होतो. सतीश नोकरीच्या एच-वन व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून एच-फोरवर. माझ्या कागदांवर ठसठशीत शब्द होता, डिपेंडंट. सांगलीत मी बँकेत नोकरी करत होते, संध्याकाळी पेटीच्या शिकवण्या घेत होते, सासरच्या चार माणसांचं हवं-नको बघत होते. विमानातून उतरले आणि एका रात्रीत अवलंबून झाले. काम करायची परवानगी नाही. गाडी एकच, ती सकाळी सतीशबरोबर क्लायंटकडे जायची. मग आम्ही एच-फोरवाल्या बायका ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत भाजी आणायला जायचो, आणि घरात भाजी असली तरी जायचो. साड्यांच्या दुकानातल्या मुलींना आमचे चेहरे पाठ झाले होते. आम्ही काही घेणार नाही हेही त्यांना पाठ होतं.

माझ्याबरोबर अण्णांनी दिलेली पेटी होती. अण्णा म्हणजे माझे वडील. संगीत नाटकांच्या एका कंपनीत त्यांनी उभी हयात ऑर्गन वाजवला. आपल्या नाटकातला ऑर्गन म्हणजे पायपेटी. दोन पायांनी आलटून पालटून भाता हलवत राहायचं, वर दोन हातांनी वाजवायचं. पाय थांबले की सूर मेला. अण्णा रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसायचे, त्यामुळे लोकांनी आयुष्यभर त्यांची पाठच पाहिली. घरीही एक जुनी पायपेटी होती. मी अक्षरं गिरवायच्या आधी तिच्यावर पाय मारायला शिकले, असं आई सांगायची. आमच्या घरात कुणी पाय स्वस्थ ठेवून बसलं तर ताप आहे का बघायचे.

पहिल्याच हिवाळ्यात अपार्टमेंटच्या हीटरने माझ्या पेटीचं लाकूड तडकलं. निम्मे सूर बसले, उरलेले न दाबताच कण्हायला लागले. कुणीतरी सांगितलं, न्यूअर्कला एक म्हातारा इटालियन अकॉर्डियन दुरुस्त करतो, तो बघेल. जूनमध्ये मी पेटी चादरीत बांधली आणि ट्रेनने निघाले. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचे ते दिवस गाठोडी घेऊन फिरायचे नव्हते, निदान आमच्या रंगाच्या माणसांनी. स्टेशनवर एका पोलिसाने मला बाजूला घेऊन चादर सोडायला लावली. "हे काय आहे?" त्याने विचारलं. "संगीत," मी म्हटलं. त्याने भात्याला बोट लावलं, ती कण्हली, आणि त्याने मला जाऊ दिलं.

दुकानात म्हातारा पेटी उलटी करून बघत होता, तेवढ्यात मागच्या खोलीत कुणीतरी एक स्विच दाबला. मोटर घरघरली. थोडं थांबून दुसरा स्विच. आणि मग तो सूर आला. मी त्याआधी चर्चचा ऑर्गन सिनेमात ऐकला होता, नाटकाचा ऑर्गन तर रक्तातच होता. हे त्यातलं काहीच नव्हतं. हा सूर एका जागी उभाच राहत नव्हता, खोलीभर फिरून परत येत होता, कधी पाणी हललं तसा हलत होता, कधी नुसता गुरगुरत होता. आणि खाली खर्जाची चाल, दम्याची नाही, घाईची नाही, पोट भरलेल्या माणसाची चाल. मी दाराशी जाऊन उभी राहिले.

बाकावर पासष्टीची एक धिप्पाड काळी बाई बसली होती. डोक्यावर जांभळी टोपी, पायांत चपट्या तळव्याचे सोनेरी बूट. तिच्यासमोर दुमजली पट्ट्यांचा विजेचा ऑर्गन, बाजूला माणसाच्या खांद्याएवढं लाकडी कपाट. त्या कपाटात स्पीकरचा भोंगा गरगर फिरत असतो, म्हणून तो सूर फिरतो, हे मला नंतर कळलं. डाव्या हाताने ती खर्ज चालवत होती आणि डाव्या पावलाने त्याला खालच्या लाकडी पट्ट्यांवर टोले देत होती. उजवा हात गात होता, उजवं पाऊल आवाज चढवत-उतरवत होतं. एका बाईची चार कामं. या मंडळींना म्हणूनच बास वाजवणारा वेगळा लागत नाही. एक गिटार, एक ड्रम आणि हे धूड, झाला ताफा. याला इथे सोल-जॅझ म्हणतात. चर्चचं भजन आणि गुत्त्यातलं गाणं एकाच ताटात वाढलेलं.

"वाजवतेस?" तिने वळून न बघताच विचारलं.

"वाजवते," मी म्हटलं. बोलणं अर्थातच इंग्रजीत होतं, पण मला ती आठवते ती मराठीतच, त्याला माझा इलाज नाही.

ती सरकली. मी बसले, हात ठेवले, आणि जन्मभराच्या सवयीने पाय मारायला सुरुवात केली. डावा, उजवा, डावा, उजवा. खालच्या पट्ट्यांमधून असा काही गडगडाट झाला की म्हातारा बाहेरून धावत आला. मी आणखी घाबरले, आणि घाबरले की आमच्या घराण्यात पाय जास्त जोरात चालतात.

ती बाई पोट धरून हसली. "अगं बाळा, याला वीज आहे! हा काही श्वासाविना मरत नाहीये!" मग डोळे पुसून माझ्या पायांकडे बघत राहिली. "थांब. थांबू नकोस. म्हणजे पाय थांबवू नकोस. नुसते या दोन पट्ट्यांवर आण." तिने माझे गुडघे धरून इंचभर डावीकडे सरकवले आणि वर स्वतः वाजवायला लागली. माझा भाता तिचा खर्ज झाला. अण्णांनी तीस वर्षं जी हवा भरली तिच्यावर ती बाई गायली, असं मला वाटलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

तिचं नाव मिस अर्लीन. तिकडे वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, मिस लावतात, आपण ताई-मावशी लावतो तसं. मंगळवारी आणि गुरुवारी मी तिच्या घरी जायला लागले. पुढच्या खोलीत ऑर्गन, सोफ्यावर प्लास्टिकचं आवरण, स्वयंपाकघरात पालेभाजी तासन्‌तास शिजत असायची. कागद नाही, नोटेशन नाही. ती गुणगुणायची, मी वाजवायचे. चुकलं की म्हणायची, "पुन्हा." बरोबर आलं तरी म्हणायची, "पुन्हा." मला सूर भराभरा लावायची खोड होती, नाट्यगीताची तान अंगात मुरलेली. ती माझ्या मनगटावर बोट ठेवायची. "कुठे निघालीस? घरात कंटाळलीस का? बस तिथेच. एकाच सुरावर बसून दाखव मला." तिच्या गुरूचं नाव घेताना ती टोपी काढून मांडीवर ठेवायची. आमच्याकडे कानाला हात लावतात, मी सांगितलं. तिला ते फार आवडलं. मग ती दोन्ही करायला लागली.

तिच्या तरुणपणी म्हणे हा ऑर्गन घेऊन गावोगाव हिंडायला वाजवणारे जुनी शववाहिका विकत घ्यायचे, कारण तेवढं धूड मावेल अशी दुसरी गाडी नसायची. हिनेही घेतली होती. गावात शिरलं की लोक टोप्या काढून उभे राहायचे, आणि आतून ही उतरायची, सोनेरी बूट घालून. मग ते दिवस गेले. हातात उचलून नेता येतील असे कीबोर्ड आले, लाउंजवाल्यांनी, म्हणजे गाण्याच्या बारवाल्यांनी, ऑर्गन भंगारात काढले. न्यूअर्कमधल्या एका लाउंजमध्ये तेवढा ती वाजवत होती, रविवारी दुपारी चार ते सात. लोक चर्चमधून तसेच यायचे, मोठाल्या टोप्या घातलेल्या बायका, सूट घातलेले म्हातारे. बावीस वर्षं तिने तो बाक सोडला नव्हता.

"वाजवणारे मरतात, त्याचं काही नाही," ती म्हणायची. "पण बाक रिकामा दिसला की मालकाला तिथे काय काय ठेवता येईल ते सुचायला लागतं."

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तिने मला तिथे बसवलं. दोनच गाणी. गिटारवर मिस्टर कर्टिस, सत्तरीचे, तोंडात काडी धरून वाजवणारे. मी पहिल्या गाण्यात भेदरलेली होते. दुसऱ्यात तिने शिकवलेल्या त्या एका सुरावर मी बसले. बसून राहिले. खाली पाय चालले होते, डावा, उजवा. आणि मागच्या टेबलावरून एक म्हातारी ओरडली, "सावकाश, बेटा! घाई नाही कुणाला!" मग दुसरं कोणी ओरडलं, मग सगळीकडून. आपल्याकडे मैफिलीत दाद देतात ती झालेल्या जागेला. हे लोक न झालेल्या जागेला देतात, की जा, आम्ही आहोत इथे. मला सांगलीत कधी कुणी असं म्हटलं नव्हतं आणि आयसेलिनमध्ये तर मी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दुपारी मी जितकी सुखात होते तितकी त्यानंतर लेक झाली तेव्हाच होते, आणि तेव्हा भूल दिलेली होती.

लेक आता तीन वर्षांची आहे, सई. जेवताना टेबलाखाली माझे पाय चालतात. "ममा, स्टॉप शेकिंग द टेबल," ती म्हणते. मी मराठीत सॉरी म्हणते, ती इंग्रजीत माफ करते.

मिस अर्लीनला शुगर होती. डायबेटिसला त्या लोकांतही शुगरच म्हणतात, आमच्या आत्याबाईंसारखं. डाव्या पायाच्या बोटांना झालेली जखम भरत नव्हती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी गेले तेव्हा ती पाय उशीवर ठेवून बसली होती. ऑर्गन बंद होता.

"सतरा तारखेला बोटं काढणार आहेत," तिने सांगितलं. "दोन, कदाचित तीन. सहा आठवडे पाय टेकायचा नाही."

मी तिच्या पायाखालची उशी सारखी केली.

"मालक म्हणतो, बाकावर कुणी बसलेलं असेल तर जागा माझी. नसेल तर तो मोठा टीव्ही लावणार. फुटबॉल सुरू होतोय." ती माझ्याकडे बघत होती. "सहा रविवार, माधवी. तुला चार गाणी येतात, कर्टिस उरलेली ओढून नेईल. त्यांना माझ्यासारखं वाजवणारं नकोय. बाक गरम हवाय."

"मी? मिस अर्लीन, दुसरं कुणी नाही का?"

"होते. मोजायला बसले तर निम्म्यांच्या अंत्ययात्रेत मीच वाजवलंय."

मी हो म्हटलं. अगदी हात हातात घेऊन हो म्हटलं. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "मग मी आता झोपते."

तीन दिवसांनी नीला काकूंचा फोन आला. नीला काकू म्हणजे मंडळाच्या अध्यक्षा, तीस वर्षं इथे काढलेल्या, सगळ्या नव्या जोडप्यांच्या काकू. कुणाला अपार्टमेंट मिळवून दे, कुणाच्या बाळंतपणात डबे दे, हे त्यांनी खरंच केलेलं होतं. आमच्या घरातला पहिला कुकर त्यांचा. "अगं, गणपतीत नाट्यगीतांचा कार्यक्रम ठेवलाय, एकवीस तारखेला, रविवारी दुपारी. आपला पेटीवाला टेक्सासला शिफ्ट झाला. तू अण्णांची मुलगी, तू बसायचंस. नाही म्हणायचं नाही हं."

एकवीस तारीख म्हणजे सहातला पहिला रविवार. मी नाही म्हटलं नाही.

हे मी कसं केलं ते कुणा अमेरिकन माणसाला सांगून कळणार नाही, पण आपल्या लोकांना सांगावंच लागणार नाही. मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, या एका शिकवणीवर मी वाढले. दोघी मोठ्या. दोघींना हो. पुढचं पुढे बघू. सासूबाईंना आणि आईला एकाच दिवाळीला दोन्हीकडे येते म्हणून सांगायचं आणि मग आयत्या वेळी एकीकडे ताप येतो, ही आपली जुनी वहिवाट आहे. तिने कुणाचं बिघडत नाही, कारण दोन्हीकडच्यांना ती ठाऊक असते. मिस अर्लीनला ती ठाऊक नव्हती.

मी सतीशला सांगितलं. तो जेवत होता, घास खाली ठेवला.

"माधवी, यार, ग्रीन कार्डची प्रोसेस चालू आहे. एच-फोरवर काम करता येत नाही."

"पैसे घेणार नाहीये मी."

"ते तू म्हणतेस. बारमध्ये स्टेजवर वाजवणार, उद्या कुणी कम्प्लेंट केली तर प्रूफ काय? मी लॉयरला विचारतो."

"विचार."

त्याने विचारलं नाही आणि मीही आठवण केली नाही. कारण मला ते उत्तर नकोच होतं. वकील म्हणाला असता की काही हरकत नाही, तर मी काय करणार होते? व्हिसा, ग्रीन कार्ड, प्रूफ, ही सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही माझं नव्हतं. माझं कारण मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तालमीच्या वेळी नीला काकूंनी विचारलं होतं, "मंगळवार-गुरुवार कुठे जातेस गं तू ट्रेनने? कुणीतरी म्हणत होतं, न्यूअर्कला? त्या वस्तीत?" भोवती सहा बायका हार करत बसल्या होत्या. सगळ्यांचे हात थांबले. आणि मी हसून म्हटलं, "नाही हो काकू, एक म्हातारी आजारी बाई आहे, तिची सोबत करते." काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. किती गुणी मुलगी. मला तो हात आवडला, हे सगळ्यात वाईट. माझी गुरू, बावीस वर्षं बाक राखलेली बाई, मी तिची सोबतीण झाले आणि ती आजारी म्हातारी झाली, सहा बायकांच्या भुवया खाली याव्यात म्हणून.

एकवीस तारखेला सकाळी मला ताप आला नाही. मी वाट बघितली. मिस अर्लीन हॉस्पिटलमध्ये होती. मिस्टर कर्टिस यांचा नंबर माझ्याकडे होता. फोन उचलून तीन आकडे दाबले आणि ठेवला. वाटलं, पहिला रविवार चुकला तरी पाच उरतात. मग पैठणी नेसले.

सभागृह भरलेलं होतं. गाणारे गृहस्थ एका मोठ्या कंपनीत मॅनेजर, भरजरी उपरणं घेऊन आलेले. पडदा वर गेला, पहिल्या ओळीला मी मंडळाच्या पेटीवर सूर धरला, आणि स्पीकरमधून पूर्ण वाद्यमेळ वाजायला लागला. ऑर्गन, तबला, व्हायोलिन, सगळं. गृहस्थांनी ट्रॅकची सीडी आणली होती. माझ्यापुढचा माइक बंद होता. मी साउंडवाल्या मुलाकडे बघितलं, त्याने खांदे उडवले. मध्यंतरात नीला काकू म्हणाल्या, "अगं, रिस्क कशाला घ्यायची? स्टेजवर पेटी दिसली की बरं वाटतं लोकांना." मी उरलेली पाच गाणी बंद माइकपुढे वाजवली. पैठणीत, गजऱ्यात, हसऱ्या तोंडाने. चार वाजले तेव्हा मी घड्याळ बघितलं. साडेचारला बघितलं. पाचला शाल-श्रीफळ झालं, ते घरं विकणाऱ्या एका एजंटाला, कारण तो स्पॉन्सर होता.

घरी आलो तर फोनच्या मशीनवर तीन निरोप होते. पहिल्यात मिस्टर कर्टिस म्हणत होते, "माधवी, चार वाजलेत, आम्ही आहोत, ऑर्गन गरम करून ठेवलाय." दुसऱ्यात, "पाऊण तास झाला. ट्रेन चुकली असेल तर सांग, मी स्टेशनवर येतो घ्यायला." तिसऱ्यात ते काही बोलले नाहीत. मागे ड्रमवाला सामान आवरत असल्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी बाई विचारत होती, ती मुलगी नाही येणार का?

सतीश म्हणाला, "फोन करून सॉरी म्हण ना, सिंपल आहे." मी निरोप पुसून टाकले.

पुढच्या रविवारी जायला हवं होतं. जाता आलं असतं. पण पहिल्या रविवारी न गेलेलं तोंड घेऊन कसं जायचं, म्हणून दुसऱ्याला गेले नाही, आणि दोनदा न गेलेलं तोंड घेऊन तर तिसऱ्याला प्रश्नच नव्हता. लाज फार सोयीची असते. ती आपल्याला वाईटही वाटू देते आणि घरीही बसू देते. नोव्हेंबरात अकॉर्डियनवाल्या म्हाताऱ्याने फोन केला, पेटी झाली आहे, घेऊन जा. त्याच्याकडूनच कळलं की लाउंजमध्ये टीव्ही लागला. चौथ्या रविवारी ऑर्गन भिंतीला सरकवला आणि त्यावर कोंबडीच्या तंगड्यांचे ट्रे ठेवले. मिस अर्लीन काठी घेऊन तिच्या सातव्या रविवारी गेली तेव्हा बसायला बाक उरला नव्हता. म्हातारा हे सगळं स्क्रू पिळत सांगत होता. मला दोष देत नव्हता, त्याला माझी भानगड माहीतच नव्हती. मी तिला एक कार्ड पाठवलं, दुकानातलं, फुलांचं, गेट वेल सून. खाली नुसतं नाव.

मग आमचं सगळं छान झालं. दोन हजार सहात ग्रीन कार्ड आलं, सईच्या पाठोपाठ घर आलं, घराला तळघर आलं. सतीशने वाढदिवसाला मला कीबोर्ड आणला. त्यात एक बटण आहे, ते दाबलं की हुबेहूब तोच फिरता सूर येतो. मी एकदा दाबलं. सतीशला वाटलं मला आवडला नाही, तो बदलून आणतो म्हणाला. आवडला रे, मी म्हटलं. यंदा त्याच्या ऑफिसात माणसं कमी करताहेत आणि तो रात्रंदिवस ई-मेल बघतो. त्याचं टेबलही कुणीतरी डोळा ठेवून बघत असेल, असं माझ्या मनात येतं.

गेल्या वर्षी याच दिवसांत पेटीचा भाता फाटला. दुकानात भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. न्यूअर्कच्या एका चर्चच्या तळघरात रविवारी दुपारी ऑर्गनचा कार्यक्रम, खाली तिचं नाव. मी सतीशला खरं सांगून गेले. एकटीच ड्राइव्ह करत गेले. एवढं मला आता येतं.

पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या, कागदी ताटं, त्याच मोठाल्या टोप्या. मिस्टर कर्टिस दिसले नाहीत आणि मी कुणाला विचारलं नाही. मिस अर्लीन चाकाच्या खुर्चीत होती. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. खुर्ची बाकाला अगदी लागून लावलेली, आणि बाकावर चाळिशीचा एक माणूस, सिटी बसच्या ड्रायव्हरचा गणवेश घातलेला, बहुधा ड्यूटीवरून तसाच आलेला. तो वाजवत होता. मध्येच ती हात लांब करून वरच्या पट्टीवर दोन सूर ठेवायची, मध्येच त्याच्या मनगटावर बोट. एका जागी तो एका सुरावर बसला आणि उठलाच नाही. लोक ओरडायला लागले. मीही ओरडले, मराठीत काहीतरी, आणि शेजारच्या बाईने माझ्याकडे वळून बघितलं.

संपल्यावर मी पुढे गेले. चार वर्षं घोकून ठेवलेलं एक वाक्य होतं.

"मिस अर्लीन, मी माधवी."

"तू कोण आहेस ते मला माहीत आहे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मी शोधला. तिने माझा हात हातात घेतला, थोपटला, आणि माझं वाक्य सुरू व्हायच्या आत त्या माणसाकडे वळली. "डॅरिल, या बाई आयसेलिनहून आल्यात, एवढ्या लांबून. पूर्वी यायच्या त्या रविवारच्या कार्यक्रमाला. ऐकायला."

डॅरिलने उठून माझ्याशी हात मिळवला. त्याच्या हाताला स्टिअरिंगचे घट्टे होते. "थँक यू फॉर कमिंग, मॅम," तो म्हणाला, आणि मग, आपल्या माणसाला विचारावं तसं सहज, "तुम्ही स्वतःही वाजवता का?"

मिस अर्लीन माझ्याकडे बघत होती. तिने उत्तर माझ्यावर सोडलं होतं. तिला घाई नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि त्याला पुढचं गाणं घ्यायला सांगितलं.